जुना कॉम्प्युटर, घरचा टीव्ही : लिब्रेएलेक कसे वापरावे?

आमच्या घरी कपाटावर एक पत्र्याची पेटी आहे. रमजानच्या आधीच्या साफसफाईत दरवर्षी ती खाली उतरते, पुसली जाते आणि पुन्हा वर जाते. आत आहेत अब्बांनी कुवेतहून पाठवलेल्या ऑडिओ कॅसेटी, आपाच्या निकाहची व्हीएचएस, काही सीडी आणि दोन बंद पडलेले मोबाईल. कोकणातल्या आणि मुंबईतल्या बऱ्याच घरांत अशी एखादी पेटी असेलच. त्या काळी आखातातून फोन करणे महाग होते. माणसे खोलीत बसून कॅसेटवर बोलायची आणि गावी येणाऱ्या एखाद्या ओळखीच्या माणसाबरोबर ती कॅसेट पाठवायची.

गेल्या वर्षी पेटी उतरवताना अम्मी म्हणाली, "बेटा, एवढा मोठा टीव्ही घेतलास, त्याच्यावर तुझ्या अब्बांचा आवाज लागेल का रे?"

साधा प्रश्न होता, पण उत्तर साधे निघाले नाही. कॅसेटींची एमपीथ्री करून आणली, व्हीएचएसची फाईल करून आणली, पेन ड्राइव्ह टीव्हीला लावला. निम्म्या फाईल लागल्याच नाहीत. ज्या लागल्या त्या उलटसुलट क्रमाने. आणि टीव्ही सुरू केला की आधी पडद्यावर कुठल्यातरी वेब सीरिजची भलीमोठी जाहिरात. अम्मीने मान फिरवली आणि म्हणाली, "राहू दे."

हा लेख त्या "राहू दे"वर शोधलेल्या उपायाचा आहे. उपाय फुकट आहे, कायदेशीर आहे आणि घरात धूळ खात पडलेल्या कॉम्प्युटरवरही चालतो. त्याचे नाव लिब्रेएलेक.

लिब्रेएलेक म्हणजे काय?

आपल्या कॉम्प्युटरमध्ये विंडोज असते, मोबाईलमध्ये अँड्रॉइड असते. यांना ऑपरेटिंग सिस्टिम म्हणतात. लिब्रेएलेक ही अशीच एक ऑपरेटिंग सिस्टिम आहे, फक्त तिचे काम एकच : कॉम्प्युटरला टीव्हीचा डबा बनवणे. तिच्यावर वर्ड चालत नाही, टॅली चालत नाही, वेब ब्राउझरही सोबत येत नाही. मशीन सुरू केले की काही सेकंदांत थेट सिनेमा, गाणी, फोटो आणि टीव्ही असा मेन्यू दिसतो. बस्स.

हा मेन्यू कोडी नावाच्या सॉफ्टवेअरचा. कोडीची सुरुवात २००२-०३च्या सुमारास मायक्रोसॉफ्टच्या एक्सबॉक्स या खेळाच्या मशीनवर सिनेमे आणि गाणी लावण्यासाठी झाली. तेव्हा त्याला एक्सबीएमसी म्हणत. २०१४ मध्ये नाव बदलून कोडी झाले. कोडी चालवण्यापुरती छोटी लिनक्स सिस्टिम करावी, या विचारातून २००९ मध्ये ओपनएलेक आले आणि २०१६ मध्ये त्यातल्या काही मंडळींनी वेगळे होऊन लिब्रेएलेक सुरू केले. कोडी आणि लिब्रेएलेक दोन्ही मुक्त सॉफ्टवेअर आहेत. स्वयंसेवक ती लिहितात, खर्च देणग्यांतून भागतो. म्हणून पैसे मागत नाहीत आणि मेन्यूत जाहिरातही नसते.

जाहिरातीचा मुद्दा किरकोळ नाही. स्मार्ट टीव्ही स्वस्त का मिळतो, याचा विचार आपण सहसा करत नाही. काही कंपन्या टीव्ही विकून झाल्यावर पडद्यावरची जागा जाहिरातदारांना विकतात आणि घरात काय पाहिले जाते याची नोंदही ठेवतात. २०१७ मध्ये अमेरिकेत व्हिझिओ या टीव्ही कंपनीने असल्याच एका प्रकरणात २२ लाख डॉलर भरून तडजोड केली. सुमारे १ कोटी १० लाख टीव्हींवरून लोक काय पाहतात याची माहिती त्यांना न विचारता गोळा केल्याचा आरोप होता. शिवाय स्मार्ट टीव्हीला चार-पाच वर्षांनी नवे अपडेट येणे कमी होते आणि एकेक ॲप बंद पडू लागते. पडदा मात्र अजून दहा वर्षे चांगला असतो. अशा टीव्हीला बाहेरून एक छोटा डबा जोडला की त्याला पुन्हा उपयोग येतो.

कोणते मशीन लागेल?

दोन रस्ते आहेत.

पहिला : घरातला जुना कॉम्प्युटर. लिब्रेएलेकच्या 'जेनेरिक' आवृत्तीसाठी ६४ बिटचा प्रोसेसर लागतो. फार जुने ३२ बिटचे मशीन चालणार नाही. मागे एचडीएमआयचे सॉकेट असेल तर टीव्हीला थेट जोडता येते. रॅम २ जीबी असली तरी भागते. एक गोष्ट तपासा : आजचे बरेच मोबाईल एच.२६५ या प्रकारात व्हिडिओ काढतात. इंटेलच्या सहाव्या पिढीपासूनचे, म्हणजे २०१५ नंतरचे, प्रोसेसर या फाईल सहज चालवतात. त्याआधीच्या मशीनवर मोठे व्हिडिओ अडखळू शकतात. निकाहची कॅसेट, जुन्या सीडी, गाणी, फोटो यांना मात्र जुने मशीनही पुरे.

दुसरा : रास्पबेरी पाय. हा तळहाताएवढा कॉम्प्युटर मिळतो. रास्पबेरी पाय ४ हा २०१९ मध्ये आला, पाय ५ हा २०२३ मध्ये. दोन्ही चालतात, २ जीबी रॅमचा घेतला तरी पुरतो. सोबत त्याचाच चार्जर, मायक्रो एचडीएमआयची केबल, पेटी आणि १६ जीबीचे चांगल्या कंपनीचे मेमरी कार्ड घ्या. मोबाईलचा जुना चार्जर लावू नका. वीज कमी पडली की मशीन मध्येच अडकते आणि दोष सॉफ्टवेअरवर जातो.

मग घ्यावे काय? घरात कॉम्प्युटर पडून असेल तर आधी तोच वापरून पाहा, एक पैसा खर्च नाही. आवडले तर पुढे पायचा विचार करा, कारण विजेत फरक पडतो. जुना डेस्कटॉप साधारण ५० वॅट खातो. रोज पाच तास लावला तर महिन्याला साडेसात युनिट. पाय ५ ते ७ वॅटमध्ये भागवतो, म्हणजे महिन्याला एका युनिटच्या आसपास. शिवाय पायला आवाज नाही, डेस्कटॉपचा पंखा घरघरतो.

कसे बसवायचे?

काम अर्ध्या तासाचे आहे. मुलांपैकी कोणी दहावी-बारावीत असेल तर त्याला सोबत घ्या, उलट तोच तुम्हाला शिकवेल.

१. दुसऱ्या एखाद्या चालू कॉम्प्युटरवर लिब्रेएलेक डॉट टीव्ही या अधिकृत वेबसाईटवरून 'यूएसबी-एसडी क्रिएटर' हे छोटे सॉफ्टवेअर उतरवून घ्या.

२. ते उघडून आपले मशीन निवडा. पायसाठी पायची आवृत्ती, कॉम्प्युटरसाठी जेनेरिक. एनव्हिडियाचे जुने ग्राफिक कार्ड असेल तर जेनेरिक लेगसी.

३. पायसाठी मेमरी कार्ड, कॉम्प्युटरसाठी पेन ड्राइव्ह लावा आणि त्यावर सिस्टिम लिहून घ्या. कार्डवर किंवा पेन ड्राइव्हवर आधी असलेले सगळे पुसले जाते, म्हणून रिकामेच घ्या.

४. पायमध्ये कार्ड घालून टीव्हीला जोडा. पायला एचडीएमआयची दोन सॉकेट असतात, चार्जरच्या जवळचे वापरा. कॉम्प्युटरला पेन ड्राइव्ह लावून त्यावरून सुरू करा.

इथे एक इशारा. कॉम्प्युटरवर पेन ड्राइव्ह लावला की सिस्टिम हार्ड डिस्कवर बसवायची का, असे विचारले जाते. "हो" म्हटले की हार्ड डिस्क पूर्ण कोरी होते. जुने फोटो, कागदपत्रे, हिशोब, सगळे जाते. त्या डिस्कवर काय आहे हे आधी नीट पाहा, कामाचे ते दुसरीकडे उतरवून घ्या, मगच पुढे जा. घाई नको. मनात शंका असेल तर हार्ड डिस्कला हात न लावता पेन ड्राइव्हवरूनच काही दिवस चालवून पाहण्याचीही सोय आहे.

५. पहिल्यांदा सुरू झाल्यावर भाषा, मशीनचे नाव, वायफाय हे विचारले जाते. पुढे 'एसएसएच' आणि 'सांबा' चालू ठेवायचे का, असा प्रश्न येतो. सांबा म्हणजे घरातल्या दुसऱ्या कॉम्प्युटरवरून वायफायने फाईल टाकण्याची सोय, ती चालू ठेवा. एसएसएच बहुतेकांना लागत नाही, ते बंद ठेवा. चालू ठेवलेच तर सोबत आलेला पासवर्ड लगेच बदला, कारण तो सगळ्या जगाला माहीत आहे. सांबालाही सेटिंगमध्ये जाऊन पासवर्ड लावून घ्या.

रिमोट कुठला?

अम्मीसारख्या माणसांसाठी हाच खरा प्रश्न. कीबोर्ड-माऊस दिसला की त्या म्हणतात, "हे तुझे, मला नको."

पायवर याची छान सोय आहे. एचडीएमआयच्या केबलमधून टीव्हीच्या रिमोटची बटणे पायपर्यंत पोहोचतात. या सोयीला सीईसी म्हणतात. टीव्हीच्या सेटिंगमध्ये ती चालू करावी लागते आणि प्रत्येक कंपनीने तिला आपापले नाव दिले आहे. सॅमसंगमध्ये ॲनीनेट प्लस, एलजीमध्ये सिम्पलिंक, सोनीमध्ये ब्राव्हिया सिंक. एकदा चालू केले की टीव्हीच्याच रिमोटने सगळे चालते. साध्या कॉम्प्युटरमध्ये ही सोय सहसा नसते. तिथे यूएसबीचा रिमोट घ्या किंवा मोबाईलवर कोडीचे अधिकृत रिमोट ॲप 'कोरे' टाका. त्यासाठी कोडीच्या सेटिंगमध्ये सर्व्हिसेसमध्ये जाऊन एचटीटीपीवरून कंट्रोलची परवानगी द्यावी लागते. तिथेही पासवर्ड ठेवा, नाहीतर वायफाय वापरणारा शेजारचा मुलगा तुमचा टीव्ही चालवेल.

पेटीतला ऐवज पडद्यावर

आता मुख्य काम. मशीन अर्ध्या तासात होते, पण पेटी रिकामी करायला महिने लागतात. म्हणून क्रम ठरवा. ज्या वस्तू आधी खराब होतील त्या आधी.

ऑडिओ कॅसेट. चालू टेपरेकॉर्डर असेल तर हे घरीच जमते. हेडफोनच्या भोकातून एक केबल कॉम्प्युटरच्या लाईन-इनमध्ये घाला आणि ऑडॅसिटी या फुकट सॉफ्टवेअरमध्ये रेकॉर्ड करा. यात घाई चालत नाही. साठ मिनिटांची कॅसेट उतरवायला साठ मिनिटेच लागतात, नव्वदची असेल तर दीड तास. पण खरे सांगू? तो वेळ वाया जात नाही. ऐकत बसता येते.

व्हीएचएस. कोकणातल्या दमट हवेत व्हीएचएसच्या फितीवर बुरशी धरते. खिडकीतून पाहिले तर रिळावर पांढरी पावडर दिसते. अशी कॅसेट व्हीसीआरमध्ये घालू नका. फीत खराब होतेच, व्हीसीआरचे हेडही खराब होते आणि पुढच्या चांगल्या कॅसेटलाही बुरशी लागते. आधी साफ करून देणाऱ्याकडे द्या. आमच्याकडे हीच चूक झाली. दुकानदाराने न पाहता कॅसेट लावली आणि निकाहच्या कॅसेटमधली शेवटची काही मिनिटे कायमची गेली. तेव्हा देताना विचारा : बुरशी तपासणार का? फाईल कोणत्या प्रकारात देणार? मूळ कॅसेट परत मिळणार ना? आणि फाईल हातात आली तरी मूळ कॅसेट फेकू नका.

सीडी आणि डीव्हीडी. घरी लिहिलेल्या सीडी कायम टिकतात हा गैरसमज आहे. आज ज्या उघडतात त्या आजच उतरवून घ्या. निकाहच्या डीव्हीडीतला 'व्हिडिओ टीएस' हा फोल्डर जसाच्या तसा कॉपी केला तरी कोडी तो डीव्हीडीसारखाच, मेन्यूसह चालवतो. वेगळे काही करावे लागत नाही.

जागा किती लागेल? ४ मेगाबिटच्या दर्जाने एक तासाचा व्हिडिओ साधारण १.८ जीबी होतो. म्हणजे १ टीबीच्या हार्ड डिस्कवर पाचशेच्या वर तास मावतात. एका कुटुंबाला पुरून उरेल.

फाईलींची नावे नीट ठेवा. सगळा गोंधळ इथेच होतो. नावाच्या सुरुवातीला वर्ष लिहा, मग प्रसंग. "१९९३ निकाह आपा" असे. कोडी बाजारातल्या सिनेमांची माहिती आणि पोस्टर इंटरनेटवरून आपोआप आणतो. पण घरच्या व्हिडिओंचा फोल्डर जोडताना माहिती आणणारा पर्याय 'नन' ठेवा, नाहीतर आपाच्या निकाहला कुठल्यातरी परदेशी सिनेमाचे पोस्टर चिकटते. आमच्याकडे चिकटले होते, घरात दोन दिवस हसणे चालले होते. फोल्डरमध्ये एक फोटो 'फोल्डर डॉट जेपीजी' या नावाने, अर्थात इंग्रजी अक्षरांत, ठेवला की तोच चित्र म्हणून दिसतो. वाचता न येणाऱ्या दादीलाही फोटो पाहून काय लावायचे ते कळते.

नावे देवनागरीत किंवा उर्दूत लिहिली आणि पडद्यावर नुसते चौकोन दिसले, तर स्किनच्या सेटिंगमध्ये फॉन्ट बदलून एरियलवर आधारित फॉन्ट निवडा. तरीही अक्षरे मोडून दिसली तर फोल्डरची नावे रोमन लिपीत ठेवणे सोपे.

कुरआन पठणाच्या फाईली बऱ्याच घरांत असतात. १, २, १०, ११ असे आकडे दिले तर काही ठिकाणी क्रम बिघडतो. म्हणून तीन आकडी नंबर द्या. सूरह फातिहासाठी ००१, सूरह नाससाठी ११४. सगळ्या ११४ सूरह ओळीने लागतात. संगीत वाजताना कोडी पडद्यावर रंगीबेरंगी आकृत्या नाचवू शकतो. तिलावत सुरू असताना ते बरे दिसत नाही. सेटिंगमध्ये प्लेअर, म्युझिक इथे जाऊन व्हिज्युअलायझेशन 'नन' करा.

दोन प्रती ठेवाच. एकच हार्ड डिस्क म्हणजे काहीच नाही, असे समजा. एक डिस्क टीव्हीला, दुसरी कपाटात. जमल्यास तिसरी भावाकडे किंवा बहिणीकडे, दुसऱ्या गावात. चिपळूण-महाडच्या लोकांना हे वेगळे सांगायला नको. २०२१च्या जुलैच्या पुरात कितीतरी घरांतले अल्बम आणि कागदपत्रे चिखलात गेली.

लाईट जाण्याची सवय असलेल्या गावात मशीन यूपीएसवर किंवा इन्व्हर्टरवर घ्या. लिब्रेएलेकचा मूळ भाग फक्त वाचता येण्याजोगा असतो, त्यामुळे तो सहसा बिघडत नाही. पण आपली सेटिंग आणि फाईली लिहिण्याच्या मधेच लाईट गेली तर नुकसान होऊ शकते. बंद करताना थेट बटण न दाबता मेन्यूतून बंद करा. सेटिंग एकदा नीट बसली की लिब्रेएलेकच्या सेटिंगमधून बॅकअप काढून ठेवा. कार्ड गेले तर नव्या कार्डवर सगळे परत बसवता येते.

टीव्ही चॅनेलही दिसतात का?

दिसतात, पण कोणते ते समजून घ्या.

प्रसार भारतीची डीडी फ्री डिश ही सेवा डिसेंबर २००४ मध्ये डीडी डायरेक्ट प्लस या नावाने सुरू झाली. तिला महिन्याचे पैसे नाहीत. जीसॅट-१५ या उपग्रहावरून ती येते. महाराष्ट्रातून छत्री साधारण आग्नेय दिशेला करावी लागते. तिच्यावरचे बरेच चॅनेल कुलूप न लावता प्रसारित होतात. कॉम्प्युटरला डीव्हीबी-एस२ प्रकारचा यूएसबी ट्यूनर लावला की छत्रीची केबल थेट त्यात घालता येते. कुठलाही ट्यूनर घेऊ नका. लिनक्सवर चालतो याची खात्री करूनच घ्या.

मग लिब्रेएलेकच्या ॲड-ऑनमधून 'टीव्हीहेडएंड सर्व्हर' आणि त्याचाच 'क्लायंट' टाका. चॅनेल शोधण्याचे काम घरातल्या कॉम्प्युटरच्या ब्राउझरमधून करावे लागते. सगळ्या कामात हेच थोडे किचकट आहे, एक संध्याकाळ जाते. पण एकदा झाले की सह्याद्रीच्या बातम्या चालू असताना थांबवता येतात, मागे नेता येतात, ठरलेल्या वेळेला आपोआप रेकॉर्ड करता येतात. अस्रच्या नमाजला उठलात तरी कार्यक्रम तिथेच थांबून राहतो. साध्या दर्जाच्या चॅनेलचे एक तासाचे रेकॉर्डिंग साधारण एक ते दोन जीबी जागा घेते.

पैसे भरून घेतलेल्या खासगी डीटीएचचे चॅनेल मात्र कुलूपबंद असतात. त्यांच्यासाठी त्यांचाच डबा लागतो.

नेटफ्लिक्स, यूट्यूबचे काय?

इथे खरे सांगणे भाग आहे, नाहीतर लोक पैसे घालून नंतर नाराज होतात. मोठे ओटीटी लिब्रेएलेकवर नीट चालत नाहीत. त्यांच्या कुलुपाची वरची पातळी लिनक्सच्या मशीनला मिळत नाही, म्हणून चालले तरी चित्र हलक्या दर्जाचे येते. यूट्यूबचे ॲड-ऑन आहे, पण त्यासाठी गूगलकडून स्वतःची चावी काढून घालावी लागते. पाय ४ किंवा ५ वर यूट्यूबचे फोरके व्हिडिओही नीट चालत नाहीत. घरात मुख्यतः ओटीटीच पाहिले जात असेल तर साधी अँड्रॉइड टीव्हीची काडी घेतलेली बरी. टीव्हीला एचडीएमआयची दोन-तीन सॉकेट असतातच. एकात ती, दुसऱ्यात हा. भांडण नाही.

"सगळे फुकट" म्हणणाऱ्या डब्यापासून सावध

कोडीचे नाव काही ठिकाणी बदनाम झाले आहे. कारण बाजारात "एकदाच पैसे द्या, जगातले सगळे सिनेमे, सगळ्या मॅच फुकट" असे सांगून डबे विकले जातात. त्यात कोडीच असतो, पण चोरीच्या लिंकांची ॲड-ऑन भरून दिलेली असतात. कोडी बनवणाऱ्यांचा याच्याशी काही संबंध नाही. त्यांनी अशा विक्रेत्यांविरुद्ध वारंवार जाहीर भूमिका घेतली आहे. कोडी तर रिकामे भांडे आहे, त्यात काय घालायचे ते आपण ठरवतो.

कायद्याची बाजूही पाहा. असे भरलेले डबे विकणे हा कॉपीराइटचा भंग आहे, असा निकाल युरोपियन युनियनच्या न्यायालयाने २०१७ मध्ये दिला. आपल्याकडे २०२३ मध्ये सिनेमॅटोग्राफ कायद्यात दुरुस्ती होऊन सिनेमाची चोरून प्रत काढणे आणि ती दाखवणे यासाठी तीन महिने ते तीन वर्षे कैद आणि किमान तीन लाख रुपये दंड अशी तरतूद झाली.

आणखी एक धोका लोकांच्या लक्षात येत नाही. अशी ॲड-ऑन कोणी अनोळखी माणूस लिहितो आणि ती आपल्या घरच्या वायफायवर चालतात. त्याच वायफायवर आपला बँकेचा मोबाईल असतो. म्हणून ॲड-ऑन घ्यायचे ते कोडीच्या आणि लिब्रेएलेकच्या अधिकृत साठ्यातूनच. 'अननोन सोर्सेस' ही परवानगी बंदच ठेवा. आणि कायद्याच्या पलीकडे, दुसऱ्याच्या मेहनतीचा माल न विचारता घेणे म्हणजे काय, हे आपल्या घरात मुलांना वेगळे शिकवावे लागू नये.

मुलांसाठी कुलूप

स्मार्ट टीव्हीत मुलांसमोर काय येईल हे कंपनी ठरवते. एक कार्टून संपले की दुसरे आपोआप सुरू. कोडीमध्ये जेवढे आपण टाकले तेवढेच असते. पुढचे आपोआप काही येत नाही.

तरीही कुलपाची सोय आहे. सेटिंगमध्ये इंटरफेस इथे 'मास्टर लॉक' आहे. त्याला आकडी पिन द्या. मग 'प्रोफाइल्स'मध्ये मुलांसाठी वेगळे प्रोफाइल करा. त्यात फक्त त्यांचा फोल्डर ठेवा, सेटिंग आणि ॲड-ऑनला कुलूप लावा. पिन कुठेतरी लिहून ठेवा. विसरलात तर तुम्हीच बाहेर राहाल.

पण पिन लावला म्हणजे जबाबदारी संपली असे नाही. मोठा मुलगा असेल तर त्याला कुलूप लावण्यापेक्षा हे मशीन सांभाळायला द्या. आमच्या घरी भाच्याला कॅसेटी उतरवायचे काम दिले. चौदा वर्षांचा मुलगा. आधी कुरकुरला. पण नानाच्या आवाजात १९८९च्या पावसाळ्यातल्या गावाची चौकशी, विहिरीला पाणी किती, म्हशीला काय झाले, कोणाची पोरगी पास झाली, हे ऐकल्यावर त्याचे प्रश्न संपेनात. अम्मी उत्तरे देत बसली. त्याने ती उत्तरेही मोबाईलवर रेकॉर्ड केली. आता ती फाईलही टीव्हीवर आहे.

सुरुवात कुठून करावी?

सगळे एकदम करायला जाऊ नका. पहिल्या रविवारी पेटी उतरवा आणि आत काय आहे त्याची यादी करा. दुसऱ्या रविवारी जुन्या कॉम्प्युटरवर पेन ड्राइव्हवरून लिब्रेएलेक चालवून पाहा. तिसऱ्या रविवारी फक्त एक कॅसेट उतरवा, घरातल्या सगळ्यात वयस्कर माणसाला ज्याचा आवाज ऐकायचा आहे ती. बाकीच्या हळूहळू होतील. टीव्हीचे चॅनेल आणि ट्यूनर सगळ्यात शेवटी.

कॉम्प्युटर उद्याही मिळेल, सॉफ्टवेअरही मिळेल. फितीवरचा आवाज मात्र दर पावसाळ्यात थोडा थोडा जातो. आणि त्या आवाजात कोण बोलतेय, कोणाची चौकशी करतेय, हे सांगणारी माणसेही आपल्यात कायम राहणार नाहीत. ती घरात आहेत तोवर पेटी उतरवा.